एक वाफा मेथी: डोकं, मन आणि हात एकत्र शिकवू पाहणाऱ्या नव्या शिक्षकांसाठी

डी.एड.च्या पेपरात ज्ञानात्मक, भावात्मक, क्रियात्मक अशी तीन उद्दिष्टं लिहून आपण सगळेच पास झालो. नेमणूक मिळाली की पहिल्या महिन्यातच कळतं, शाळेत या तिघांची वाटणी आधीच झालेली असते. डोक्याचं काम पुढे बसणाऱ्या चौघांकडे. हाताचं काम, म्हणजे पाणी भरणं, सतरंज्या उचलणं, हे वाचन न येणाऱ्या थोराड मुलांकडे. आणि मनाचं काम परिपाठातल्या सुविचाराकडे.

ही वाटणी कशी मोडायची, तेवढंच इथे सांगायचं आहे. मी अठरा वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांत आहे, त्यातली बहुतेक द्विशिक्षकी शाळांत. तुम्ही शिक्षणसेवक म्हणून नुकते रुजू झाला असाल, चौथी-पाचवीचा जोडवर्ग हातात आला असेल आणि 'सर्वांगीण विकास' हा शब्द प्रत्येक प्रशिक्षणात ऐकून कंटाळला असाल, तर सहा आठवड्यांसाठी एकच काम घ्या: मेथीचा वाफा.

मेथीच का? पंचवीस ते तीस दिवसांत काढायला येते. बी किराणा दुकानात मिळतं. फसली तर त्याच सत्रात पुन्हा पेरता येते. मुलांच्या धीराची परीक्षा बघायला एक महिना बरोबर पुरतो. दिवाळीची सुट्टी संपल्यावर सुरू करा, थंडी मेथीला मानवते.

कल्पना अर्थातच माझी नाही. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला शिक्षण परिषद भरली, गांधीजींनी नयी तालीम मांडली आणि झाकीर हुसेन यांच्या समितीनं तिचा आराखडा केला. त्यातली मुख्य गोष्ट पुढे बरेच जण विसरले: चरखा शिकवायचा नव्हता, चरख्यातून गणित, भूगोल, इतिहास शिकवायचा होता. शिरूर तालुक्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबागांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला, तिथेही मुलं वेल्डिंग, शेती, वीजजोडणी करता करताच विज्ञान शिकली. बाकी बहुतेक शाळांत मात्र या विचाराचा कार्यानुभवाचा तास झाला, आणि त्या तासाला कागदाची फुलं.

मीही हेच केलं. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी आमच्या शाळेची परसबाग इतकी देखणी झाली की तालुका पातळीवर बक्षीस मिळालं. वाफे मी आखले, बी मी आणलं, काय कुठे लावायचं ते मी ठरवलं. मुलांनी पाणी घातलं. बक्षिसाच्या दिवशी पाहुण्यांनी एका मुलीला विचारलं, "टोमॅटो इथंच का लावले गं?" ती म्हणाली, "बाईंनी सांगितलं म्हणून." खरं उत्तर होतं ते.

सुरू करण्याआधी

मुख्याध्यापकांना सांगा, शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत विषय ठेवा. तिथे एखादे वडील हमखास म्हणतील, "आम्ही जन्मभर खुरपंच धरलं. पोरानं शाळेत येऊन पण तेच शिकायचं का?" या प्रश्नाला हसू नका आणि 'श्रमप्रतिष्ठा' हा शब्द तोंडावर फेकू नका. त्यांचं बरोबर आहे. ज्यांच्या वाट्याला पिढ्यानपिढ्या फक्त श्रम आले, त्यांनी शाळेकडून दुसरं काही मागावं यात चूक काय? त्यांना सांगा, सहा आठवड्यांनी या आणि पोराची वही बघा. वाफा बघू नका, वही बघा. मग दिलेल्या शब्दाला जागा.

एक नियम आत्ताच करून टाका: वाफ्यातलं काम कधीही शिक्षा म्हणून द्यायचं नाही. "दंगा केलास ना, जा पाणी घाल" असं एकदा जरी म्हणालात तरी सगळं मुसळ केरात.

पहिला आठवडा: काहीही पेरायचं नाही

पहिल्याच दिवशी कुदळ हातात घ्यायचा मोह होतो. थांबा. मुलांना चारचारच्या गटात आवारात सोडा आणि तीन प्रश्न द्या. ऊन कुठे किती वेळ असतं? पाणी कुठून येतं आणि कुठे जातं? शाळेत न बोलावता कोण कोण येतं? तिसऱ्या प्रश्नाची उत्तरं मजेशीर असतात: शेळ्या, कोंबड्या, रात्री पत्ते खेळणारे.

ऊन मोजायला सकाळी दहा, दुपारी एक आणि चार वाजता सावलीच्या कडेवर चुन्यानं रेघ मारा. रेघा सरकताना दिसतात, चौथीच्या परिसर अभ्यासाला वेगळं चित्र लागत नाही. पाण्याचा शोध बहुधा हात धुण्याच्या जागेवर येऊन थांबतो. पोषण आहाराआधी शाळेतली, समजा, बत्तीस मुलं हात धुतात आणि ते पाणी वाया जातं, हे मुलांनाच सापडू द्या. किती लिटर, हेही त्यांनीच खाली घमेलं ठेवून मोजायचं. साबणाचं पाणी वेगळं काढायचं का, यावर वाद होऊ द्या.

याच आठवड्यात उगवण चाचणी लावा. ओल्या फडक्यावर दहाच्या दहा ओळी, असे शंभर दाणे मांडायचे, गुंडाळून ओलं ठेवायचं. तीन-चार दिवसांनी मोड आलेले मोजले की शेकडेवारी आपोआप हाती येते. पहिली-दुसरीची मुलं त्याच खोलीत बसत असतील तर त्यांना दाणे दहा-दहाच्या ढिगात मांडायला द्या. दशक त्यांच्या हाताला लागतं.

दुसरा आठवडा: आठ मीटर दोरी

माझ्या मते सहा आठवड्यांतला सगळ्यात मोलाचा तास हाच. म्हणून जरा सविस्तर सांगते.

प्रत्येक गटाला आठ मीटर लांबीची, टोकं गाठ मारून जोडलेली सुतळी द्या आणि सांगा: या दोरीच्या आत बसेल असा वाफा आखा, जास्तीत जास्त मेथी आली पाहिजे. पुढे काही बोलू नका. कुणी तीन बाय एक मीटरचा आखेल, कुणी साडेतीन बाय अर्ध्याचा. वहीत चौकटी काढून मोजलं की दिसतं: पहिला तीन चौरस मीटर, दुसरा पावणेदोन. दोरी तीच, जागा वेगळी. परिमिती आणि क्षेत्रफळ यांतला घोळ पाचवीत वर्षभर सुटत नाही, तो इथे पंधरा मिनिटांत दोरीवर दिसतो. मग कुणीतरी दोन बाय दोनचा चौरस काढतं आणि ओरडतं, "चार! आमचा सगळ्यात मोठा!"

इथे शाबासकी देऊन तास संपवू नका. त्या गटाला म्हणा, "आता वाफ्यात पाय न ठेवता मधलं गवत उपटून दाखवा." बसून, वाकून चौथीतल्या मुलाचा हात साधारण साठ सेंटिमीटर आत जातो. दोन्ही बाजूंनी मिळून एक मीटर वीस. मधला ऐंशी सेंटिमीटरचा भाग कुणाच्याच हाताला लागत नाही. गणित म्हणतं चौरस, हात म्हणतो लांबट. म्हणूनच गावातले वाफे मीटर-सव्वामीटर रुंदीचे असतात. हे मुलं रोज बघत आलेली असतात, पण का ते त्यांना आज कळतं.

एका वर्षी एका मुलीनं चौरस सोडायला साफ नकार दिला. मधे दोन विटा ठेवू, त्यांच्यावर पाय देऊन जाऊ, म्हणाली. मग विटांनी खाल्लेली जागा वजा करायची की नाही यावर अर्धा तास भांडण. मी गप्प बसले. सोपं नव्हतं ते. तुम्हालाही सगळ्यात जड जाईल ते हेच: उत्तर माहीत असताना हात मागे बांधून उभं राहणं.

शनिवारी पेरणी. आदल्या दिवशी जमिनीला पाणी द्या आणि वाफसा, म्हणजे पेरणीजोगी ओल, कळतो का ते मुलांना विचारा. मूठभर माती दाबून गोळा करायचा, कमरेच्या उंचीवरून सोडायचा. गोळा झालाच नाही तर माती कोरडी, पडून चपटा झाला तर चिखल, फुटून भुगा झाला तर वाफसा. एरवी मागे बसणारं एखादं पोर इथे पुढे येतं, कारण त्याला हे आईबरोबर रानात जाऊन ठाऊक असतं. ऊसतोडीला जाणाऱ्या घरांतली मुलं तर खुरपं आपल्यापेक्षा सफाईनं चालवतात.

या क्षणी एक चूक होते आणि ती चांगल्या मनानं होते. आपण म्हणतो, "बघा, याला अभ्यास येत नसला तरी शेतीतलं कसं कळतं!" झाला शिक्का. ज्या वाटणीतून त्याला सोडवायचं होतं, तिथेच आपण त्याला पुन्हा टाकलं. त्याऐवजी म्हणा, "तू आत्ता जे केलंस ते सगळ्यांना सांग, आपण फळ्यावर लिहू." तो सांगेल, तुम्ही लिहा, मग त्यानं ते स्वतःच्या वहीत उतरवून घ्यायचं. स्वतःचं वाक्य वाचायला मुलं एरवीपेक्षा जास्त धडपडतात. आणि पुढे बसणाऱ्या हुशार मुलीच्या हातात त्या दिवशी खुरपं द्या. तिला जमणार नाही. न जमणं कसं असतं, हे तिनं शाळेत कधी अनुभवलेलंच नसतं.

खुरपं चौथीपासून पुढेच. देताना मूठ पुढे करायची, काम करताना दोघांत हातभर अंतर, आणि प्रथमोपचार पेटी जवळ. कीड पडली तर फवारणी मुलांच्या हातात कधीच नाही.

तिसरा आठवडा: अंदाज आणि मोजणी

पेरतानाच वाफ्याचे दोन भाग केलेले असू द्या: अर्ध्यात रात्रभर भिजवलेलं बी, अर्ध्यात कोरडं. दाणे मोजून, दोन्हीकडे सारखे. फरक एकच ठेवा. मुलं म्हणतील, इकडे शेणखत पण घालू, तिकडे सावली पण करू. मग विचारा, "उद्या इकडचं जोरात आलं तर ते कशामुळे हे कसं सांगाल?" प्रयोग म्हणजे काय, ते विज्ञानाच्या पुस्तकापेक्षा इथे लवकर कळतं.

रोप दिसण्याआधी प्रत्येकानं आपला अंदाज भिंतीवर खडूनं लिहायचा, नावासह. तुम्हीसुद्धा. माझा अंदाज बहुतेक वेळा चुकतो आणि ते मुलांना भयंकर आवडतं. सगळ्यांसमोर चूक ठरणं आणि तरी दुसऱ्या दिवशी हसत शाळेत येणं, हे बाईंना जमतंय हे मुलं बघतात. याला भावनिक कौशल्य म्हणा किंवा आणखी काही.

एखाद्या वर्षी दोन्ही भागांत काहीच फरक दिसत नाही. मग तेच लिहायचं. निकाल 'बरोबर' यावा म्हणून रोपं उपटणारे शिक्षक मी पाहिलेत.

चौथा आणि पाचवा आठवडा: पाळ्या, भांडणं, शेळी

पाळीचा तक्ता मुलांना करू द्या, पण एकदा नजर टाका. झाडणं मुलींकडे आणि बादल्या मुलांकडे, अशी वाटणी न सांगता होते. तक्ता फाडू नका. फक्त विचारा, "हे कुणी ठरवलं?" बहुतेक वेळा मुलं ओशाळून स्वतःच बदलतात. न बदलली तर मग तुम्ही बदला, तेवढा अधिकार वापरायला हरकत नाही.

आणि शेळी येणारच. आमच्याकडे आली तेव्हा मेथी वीतभर झाली होती. पाचवीतल्या एका मुलानं फाटक लावलं नव्हतं. अर्धा वाफा गेला, सगळी मुलं त्याच्यावर तुटून पडली. माझ्याही तोंडावर "कुणी केलं हे?" हाच प्रश्न आला होता. तो गिळा. त्या प्रश्नाला एकच उत्तर असतं, आणि ते मिळालं की पुढे शिकण्यासारखं काही उरत नाही.

त्या दिवशी काही करू नका, राग ताजा असतो. दुसऱ्या दिवशी मुलांना गोल बसवा, तुम्हीही जमिनीवर. एक गुळगुळीत दगड फिरवायचा, ज्याच्या हातात दगड त्यानंच बोलायचं, नको असेल तर न बोलता पुढे द्यायचा. तीन फेऱ्या, तीन प्रश्न: काय झालं? तुला काय वाटलं? आता काय करू या? शिक्षकानं प्रत्येक फेरीत शेवटी बोलायचं.

दुसरी फेरी नव्या शिक्षकांना अवघड वाटते, कारण मुलं एकामागून एक "वाईट वाटलं" एवढंच म्हणतात. चालेल. पहिल्या दोन-तीन वेळा असंच होतं. शब्दच नसतात त्यांच्याकडे. चिडलो, हिरमुसलो, धास्तावलो, ओशाळलो, जीव तळमळला, असे शब्द एका कागदावर लिहून भिंतीला लावा, मुलं ते उचलतात. घरी कोरकू, भिली, गोरमाटी किंवा दुसरी कोणती भाषा बोलणारं मूल असेल तर त्यानं आपला शब्द आपल्या भाषेत सांगावा आणि तोही कागदावर चढावा.

माफी मागायला लावू नका. "सॉरी म्हण" म्हटलं की प्रकरण मिटतं, पण काहीच दुरुस्त होत नाही. आमच्या तिसऱ्या फेरीत त्याच मुलानं सुचवलं की फाटकाला डब्याची दोन झाकणं बांधू, उघडलं की वाजतील. बांधली. पुढचे काही दिवस कोणीही आत आलं की सगळा वर्ग खिडकीकडे, आणि गणिताचा तास गेला खड्ड्यात.

एक सावधगिरी. अशा गोलात कधी कधी घरातलं काही बाहेर येतं, मारहाण, दारू, आणखी काही. तिथे खोदून विचारू नका. दगड हळूच पुढे जाऊ द्या आणि नंतर त्या मुलाशी एकट्यानं बोला, मुख्याध्यापकांच्या कानावर घाला. गरज असेल तर मुलांसाठीच्या हेल्पलाइनचा १०९८ हा क्रमांक आहे.

सहावा आठवडा: काढणी आणि ताटातलं गणित

उपटण्याआधी पुन्हा अंदाज, मग वजन. पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलामागे रोज शंभर ग्रॅम तांदूळ, वीस ग्रॅम डाळ आणि पन्नास ग्रॅम भाजी धरलेली असते. बत्तीस मुलांना एक किलो सहाशे ग्रॅम भाजी लागणार. आपली किती? मेथी निवडण्याआधी तोला, निवडून झाल्यावर पुन्हा तोला. देठं आणि मुळं गेल्यावर वजन किती उतरतं ते बघून मुलं गप्प होतात. घरी आई निवडत बसते तेव्हा काय करत असते, ते तेव्हा कळतं.

पुरली नाही तर? हा प्रश्न मुलांसमोर टाका. ज्यांनी काम केलं त्यांनाच द्यायची? सगळ्यांना थोडी थोडी? पहिलीतल्यांना आधी? स्वयंपाक करणाऱ्या ताईंना या चर्चेत बसवा, त्यांना रोज हाच हिशेब करावा लागतो. आमच्याकडे शेवटी सगळी मेथी डाळीत गेली. डाळमेथीत वाटणीचं भांडण राहत नाही, हे ताईंचं शहाणपण.

पहिल्या वर्षी विक्री नको. पैसे आले की लक्ष वाफ्यावरून गल्ल्याकडे जातं. मुलं वस्तू विकतात तो बालआनंद मेळावा पुढच्या वर्षी.

नोंदी

महाराष्ट्रात ऑगस्ट २०१०च्या शासन निर्णयापासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आहे आणि आकारिक, म्हणजे शिकता शिकता करायच्या, मूल्यमापनाची आठ साधनतंत्रं आहेत. दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प एवढी तर या एका वाफ्यातच निघतात. म्हणजे हे काम जादाचं नाही. केंद्रप्रमुखांनी विचारलं तर पाठाच्या टाचणात वाफा आणि समोर अध्ययन निष्पत्ती, म्हणजे मुलाला त्यातून काय यायला हवं, असं लिहून दाखवा.

अडचण नोंदींच्या भाषेची आहे. 'उपक्रमात उत्साहाने सहभागी होतो' हे वाक्य मी शेकडो वेळा लिहिलंय आणि त्यातून कोणत्याही मुलाबद्दल काहीही कळत नाही. त्याऐवजी जे डोळ्यांना दिसलं ते लिहा:

'चौरसाचं क्षेत्रफळ जास्त हे स्वतः शोधलं. मधे हात पोचत नाही हे मान्य करायला वेळ लागला, पण मग विटांचा उपाय काढला.'

'पाळी चुकली तेव्हा आधी नाकारलं. दुसऱ्या दिवशी स्वतःहून सांगितलं.'

'वाफसा कसा ओळखायचा ते तोंडी सांगितलं. लिहिताना तीन वाक्यं स्वतः, दोन मदतीनं.'

रोज चारच मुलांकडे नीट बघा. बत्तीसचा पट असेल तर आठ दिवसांत एक फेरी होते. रात्री बसून सगळ्यांच्या नोंदी लिहू नका, त्या खोट्या होतात. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर आलेल्या समग्र प्रगतिपत्रकात मुलाचं स्वतःचं आणि सोबत्यांचं मूल्यमापनही आहे. त्यासाठी वहीच्या शेवटच्या पानावर दोन प्रश्न पुरतात: काय जमलं, आणि पुढच्या वेळी काय वेगळं करशील. ती वही घेऊन मग त्या वडिलांना बोलवा.

वाफ्याच्या कोपऱ्यातली पाच-सहा रोपं काढू नका. त्यांना फुलं येतात, शेंगा धरतात, मार्चच्या सुमारास त्या वाळतात. पाचवीतली मुलं शाळा सोडून जाण्याआधी ते बी बाटलीत भरून पुढच्या चौथीसाठी ठेवतात, वर चिठ्ठी चिकटवतात. चिठ्ठीवर काय लिहायचं ते त्यांचं त्यांना ठरवू द्या. आमच्या कपाटातल्या बाटलीवर लिहिलंय: 'बी मोजून घ्या. बाईंना विचारू नका, त्या सांगत नाहीत. फाटक लावा.'